उजळाईवाडी फाट्यावरची जागा

पंचगंगेला पूर येऊन शिरोलीजवळ हायवे बंद पडला, त्या साली मी पहिल्यांदा विमानानं घर सोडलं. मस्कतला परत पोचायची विसाची मुदत संपत आली होती आणि मुंबईची एसटी बंद होती. कोल्हापुरातनं मुंबईला एक छोटं विमान नुकतंच सुरू झालं होतं, त्याचं तिकीट पोरानं कुठनं तरी जमवलं. पाऊस जरा उघडला होता. विमान गाठायला निघालो, ते शिवाजी चौकातनं शिटी बसनं. पत्र्याची पेटी माझ्या मांडीवर. शेजारी माझी बायको शालन, हातात टॉवेल घेऊन.

या टॉवेलाचं आधी सांगतो. उद्यमनगरात फौंड्रीत मी साचे घालायचो. तिथनं मस्कतला गेलो, तसल्याच कामावर, पोटासाठी. सुट्टी संपली की शालन मला स्टँडवर सोडायला यायची. मुंबईची गाडी फलाटाला लागते न लागते तोवर ही गर्दीत घुसायची आणि खिडकीतनं टॉवेल आत टाकायची. टोकाला गाठ मारलेली असायची, म्हणजे नेमका बाकावर पडतो. एकदा एक पैलवान त्या टॉवेलावरच बसला. ही आत चढली आणि म्हणाली, "उठा पावणं. टॉवेल काय वाळत घातलाय व्हय?" पैलवान गुमान उठला. मला बसवायची, टॉवेल काढून घ्यायची आणि खाली उतरायची. रडायची नाही. खांद्यावर टॉवेल टाकून गाडी वळेपर्यंत उभी राहायची.

तर त्या दिवशी बसनं आम्हाला उजळाईवाडीच्या फाट्यावर उतरवलं. तिथनं पुढं विमानतळापर्यंत चालत, चिखलातनं. दारावर पोलीस होता. म्हणाला, तिकीटवालाच आत जाणार.

"मी कुठं इमानात बसतो म्हनलो?" शालन म्हणाली. आमच्याकडं बायका असंच बोलतात, मी जातो, मी येतो. "ह्येंची जागा धरतो आनि लगीच भाईर येतो."

"मावशी, इमानात जागेला नंबर असतोय."

"नंबर एसटीतबी असतोय की. नंबरावर बसतंय कोन?"

पोलीस हसला, मागची माणसं हसली. मला हसू आलं नाही. ती किती घाबरली होती ते मला दिसत होतं. इतकी वर्षं मला पाठवायचं एक काम तिच्या हातात होतं, ते त्या दिवशी कुणी तरी काढून घेतलं.

मग मला म्हणाली, "बरं. जाताना न्हाय तर न्हाय. परत याल तवा मी फाट्यावर येतो. गाडीत आधी चढून जागा धरतो. येवढ्या लांबनं आल्यालं मानूस घरापत्तोर उभ्यानं याचं, बरं न्हवं ते."

विमानात खिडकी मिळाली. वरनं बघितलं तर सगळीकडं गढूळ पाणी, उसाचे नुसते शेंडे. कुंपणाशी ती कुठं होती, सापडली नाही.

मस्कतला सगळ्याला नंबर होता. खाटेला नंबर, डब्याला नंबर, कंपनीच्या बसमधल्या सीटला नंबर. रूमवर मलबारी होते, पाकिस्तानी होते. चांगली माणसं. खुबूस, म्हणजे तिथली रोटी, वाटून खायचो. पण ड्यूटी संपवून बसमध्ये बसलो की वाटायचं, ही सीट मला कुणी दिलेली नाही, नंबरानं दिली. ज्यांनी गाव सोडलं त्यांना हे कळेल. जे मागं राहिले त्यांना सांगून कळणार नाही, त्यांनी राग मानू नये.

पुढच्या सुट्टीच्या आधीच तार आली. शालन सिरियस, निघा. कफीलनं, म्हणजे तिथल्या मालकानं, ठेवून घेतलेला पासपोर्ट दिला, माणूस भला होता. मुंबईला उतरलो आणि तेच छोटं विमान धरलं. मनात एकच, तिला डोळे उघडे असताना बघायचं.

समुद्र विमानानं कधी ओलांडला कळलं नाही. खरी लांब वाट फाट्यापासनं पुढं. तिथं रिक्षा नाही, काही नाही. बसची वाट बघत उभा राहिलो. वेड्यासारखं इकडंतिकडं बघितलं, आली असंल का म्हणून. सिरियस बाई फाट्यावर कशी येईल? तरी बघितलं. बस आली ती भरून आली. दांडीला धरून उभा राहिलो. टेंबलाईला रेल्वेचं फाटक पडलेलं. मालगाडी काय संपंना. कंडक्टरला म्हटलं, "उतरून पळू का?" तो म्हणाला, "पळून कुठं जाताय पावणं? गाडीच आधी पोचंल." पोचली. पण शालन सकाळीच गेली होती.

हिरवं लुगडं नेसवून ठेवली होती. कुंकू नवऱ्यानं लावायचं म्हणून सगळी माझी वाट बघत थांबली होती. मी लावलं. नंतर तिच्या बहिणीनं उशीखालनं टॉवेल काढून माझ्या हातात दिला. गाठ मारलेली तशीच. म्हणाली, "दाजी, काल दिसभर एकच लावलंतं तिनं. मला फाट्यावर सोडा, गाडी भरंल."

पुढं मस्कतला जाऊन कराराची मुदत पुरी केली. विसा संपवून कायमचा परत आलो तेव्हा फाट्यावर बस लागली आणि मी तो टॉवेल खिडकीतनं आत टाकला. का टाकला, मला विचारू नका. चढलो, बसलो, टॉवेल शेजारी ठेवला. भाजीची पाटी घेतलेली एक बाई येऊन उभी राहिली.

"कोन याचं हाय का वो हितं?"

"व्हय. टेंबलाईला चढनार हाय," मी म्हटलं.

कंडक्टर म्हणाला, "मग टेंबलाईपत्तोर ऱ्हाऊ दे." आमच्यात धरलेली जागा कुणी मोडत नाही. बाई पाटी सावरत उभी राहिली.

टेंबलाईला फाटक उघडंच होतं. बस थांबली, दोघंतिघं चढले, घंटी वाजली. मी टॉवेल उचलला आणि बाईला म्हटलं, "बसा."

"आलं न्हाय व्हय मानूस?"

"न्हाय आलं."

ती बसली. पाटीतनं मेथीचा वास येत होता. मला म्हणाली, "येतंय की मागल्या गाडीनं."

आता पोराच्या घरी असतो. सून चांगली हाय, खोली दिली हाय, खाट खिडकीशी हाय. उभं कुणी ठेवत नाही मला. पण मी येणार म्हणून आधी जाऊन भांडणारं माणूस होतं, तेव्हा मला घर होतं. टॉवेल खुंटीला हाय. धुतो, वाळवतो, गाठ सोडत नाही.