साप जेवायला बसतो तेव्हा

साप घरी आला तेव्हा दोन दिवस मी हॉलमध्ये केर काढला नाही. वरच्या मजल्यावरचं कुटुंब कायमचं आपल्या देशाला निघालं होतं आणि त्यांच्या मुलीने आपला पाळलेला अजगर माझ्या मुलीला दिला. अजगर म्हणजे फार मोठा नव्हे. दोन-अडीच हात लांब, तपकिरी, अंगावर पिवळट ठिपके. विष नसतं त्याला. काचेच्या पेटीत राहतो आणि आठवड्यातून एकदा एक मेलेला उंदीर खातो. उंदीर दुकानात गोठवलेला मिळतो. तो मी आइस्क्रीमच्या डब्यात घालून, वर पिशवीची गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवते. मटारच्या शेजारी ठेवत नाही.

मुलगी नववीत, इंग्रजी शाळेत. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. मी चौथीपर्यंत शिकलेली, निम्मं उत्तर माझ्यापर्यंत पोचतच नाही. हळूहळू मी विचारणंच कमी केलं होतं. साप आल्यावर मात्र ती शाळेतून आली की दप्तर न काढताच विचारायची, "आई, तो बाहेर आला होता? पाणी प्यायला?" हे ती मराठीत विचारायची, कारण दिवसभर घरी मीच आणि उत्तर माझ्याकडे. तिला सांगता यावं म्हणून मी त्याच्याकडे बघायला लागले.

मुलीचे बाबा इथे आखातात एका कंपनीत एसीचं काम बघतात. मोठं माणूस जवळ असल्याशिवाय सापाला खायला द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यांना सुट्टी शुक्रवारी, म्हणून सापाचं जेवणही शुक्रवारी. आमच्याकडे बुद्धवंदनाही त्याच दिवशी असते. उम्म अल हस्सम, झिंज अशा आसपासच्या वस्त्यांमधली, आमच्या अकोल्याकडची चार-पाच कुटुंबं येतात. वंदना झाली, जेवणं झाली की सगळे पेटीभोवती, मोबाईल वर धरून. मुलगी त्याला आधी बाहेर काढून सगळ्यांच्या हातात द्यायची, मग पेटीत ठेवून लांब चिमट्याने उंदीर पुढे करायची. कंपनीतले एक भाऊजी फार थट्टेखोर. "वहिनी, आत्ताच तर पंचशील घेतलं, अन् लगेच उंदीर वाढता?" सगळे हसायचे. मीही स्वयंपाकघराच्या दारातून हसायचे. उत्तर सुचलं तरी चारचौघांत माझ्याच्याने बोलवत नाही.

साप मान मागे ओढून वाकवायचा, फुस्स करायचा आणि उंदरावर झडप घालायचा. भाऊजी म्हणायचे, भूक लागली बघा त्याला. मग मुलगी उंदीर आणखी जवळ नेऊन हलवायची, तो पुन्हा झडप घालून सोडून द्यायचा. पण खायचा नाही. वरच्या घरी नेमाने खाणारा साप आमच्याकडे येऊन महिनाभर उपाशी होता.

एका शुक्रवारी मुलीचे बाबा पेटीचं झाकण सरकवायला गेले आणि साप त्यांच्या हातावर आला. आला आणि लगेच मागे झाला. अंगठ्यापाशी रक्ताचे बारीक ठिपके उमटले. दुखलं फारसं नाही, पण माणसांसमोर झालं. सगळे गेल्यावर ते म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी खाल्लं नाही तर खलास. सनद भागात एक साप पाळणारा आहे, तो घेऊन जाईल." त्या माणसाकडे पुष्कळ साप आहेत, हा एक त्याला जड नव्हता. मुलगी इंग्रजीत बरंच बोलली आणि खोलीत गेली. त्यांचंही चुकत नव्हतं. जनावर आपल्या घरात उपाशी मरू द्यायचं का?

त्या आठवड्यात मी लसूण सोलायला पेटीजवळ बसत होते. घरात मी एकटी असले की तो वेगळा असायचा. वॉशिंग मशीन जोरात फिरायला लागलं की पेटीतल्या प्लास्टिकच्या गुहेत शिरायचा. वरून हात नेला की मान वाकायची, बाजूने हळू नेला तर नाही. एकदा उंदराचा डबा उघडून मी पेटीजवळून गेले, तर तो सावकाश बाहेर आला. मान सरळ, जीभ आतबाहेर, नजर एका जागी. भूक ही अशी दिसते. शुक्रवारी तशी कधी दिसली नव्हती.

मुलीला मी विचारलं, उपाशी जीव तोंडात धरलेलं सोडेल कशाला? तिने मोबाईलवर दुसरा तसाच साप दाखवला. तो हळू आला, उंदीर धरला, वेटोळं घातलं आणि सोडला नाही.

"आपला झडप मारतो आणि सोडतो," ती म्हणाली. "ही इज स्केअर्ड, आई."

एवढं इंग्रजी मला कळलं. मग शुक्रवारी त्याला बाहेर कशाला काढतेस, असं विचारल्यावर ती खाली बघून म्हणाली, सगळे बघायला येतात ना.

लग्नानंतर सासरी पहिल्यांदा जेवायला बसले तेव्हा सगळ्या बायका माझ्या ताटाकडे बघत होत्या. माझ्याच्याने एक घासही खाल्ला गेला नाही. मी ताट सरकवलं. नवरीला माज आहे, असं त्या म्हणाल्या. अजूनही मी सगळ्यांचं झाल्यावर ओट्याकडे तोंड करून जेवते.

पुढच्या शुक्रवारी मुलीने सापाला बाहेर काढलं नाही. तरी सगळे जमलेच, आणि त्याची मान मागे जायला लागली. मी दारातून म्हणाले, "सगळे आतल्या खोलीत बसा." कोणाला ऐकू गेलं नाही. फक्त भाऊजींनी वळून विचारलं, काय म्हणता वहिनी? परत सांगणं जास्त अवघड गेलं.

"आपण बघतो म्हणून तो जेवत नाही."

"सापाने वहिनींच्या कानात सांगितलं वाटते," भाऊजी म्हणाले. पण पहिले तेच उठले आणि लेकरांना घेऊन आत गेले. मी पेटीच्या तीन बाजूंना जुनी ओढणी लावली. मुलीने उंदीर गुहेपुढे ठेवला आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात आलो.

चहा झाला. त्याने खाल्लं नव्हतं. पाहुणे गेले. मुलीचे बाबा मोबाईल घेऊन सनदच्या त्या माणसाचा नंबर शोधायला लागले, तेव्हा मी त्यांना म्हणाले, थोडं थांबा, आत्ता तर घर रिकामं झालं.

"तुला काय त्याचं एवढं?"

"तो आल्यापासून ती माझ्याशी बोलते," मी म्हणाले.

त्यांनी मोबाईल ठेवला. हॉलमधला टीव्ही बंद केला आणि आत जाऊन पडले. मुलीने उंदीर पिशवीत घालून गरम पाण्यात पुन्हा कोमट केला, पुसून परत ठेवला. संध्याकाळची अजान संपत आली तेव्हा तिने मला दारातूनच हाताने बोलावलं. गुहेच्या तोंडाशी साप होता आणि त्याच्या तोंडातून उंदराची शेपटी तेवढी बाहेर होती. आम्ही पुढे गेलो नाही.

आता त्याचं जेवण सोमवारी असतं. नियम तोच आहे, फक्त मोठं माणूस म्हणून मी चालते. पाहुण्यांना आम्ही तो लांबूनच दाखवतो.

परवाच्या शुक्रवारी सगळ्यांचं झाल्यावर मी ताट घेऊन ओट्यापाशी बसले होते. मुलगी पाण्याला आली, तिने माझ्याकडे बघितलं आणि जाताना दार ओढून घेतलं. बाहेर भाऊजी चहाचं विचारायला येत होते.

"थांबा काका," ती म्हणाली. "आई जेवतेय."