एकाच माणसापुरता पास्ता

घड्याळवाल्यांना दोनच शब्द येतात, ‘हं’ आणि ‘बरं’, हे शस्त्रक्रियेच्या वॉर्डात लिफ्टवाल्यापासून मोठ्या सर्जनपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. ते पाठ करून घेतलं होतं त्यांच्या बायकोनंच, म्हणजे वॉर्डच्या मोठ्या सिस्टरनी. “आमच्या घरी नवरा नाही, ‘हं’ आहे,” त्या सांगायच्या. “घराला आग लागली म्हटलं तरी ‘हं’ म्हणतील आणि डोळ्यावरचं भिंग काही काढायचे नाहीत.”

सिस्टरना मात्र बोलल्याशिवाय अन्न पचायचं नाही. घराच्या पुढच्याच खोलीत नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. ड्यूटी संपवून आल्या की त्या त्याच्या टेबलाशेजारी स्टूल ओढायच्या, सुजलेले पाय दुसऱ्या स्टुलावर टाकायच्या आणि दिवसभराचं सगळं ओतायला लागायच्या. रुग्णालयातल्या माणसांची नावं बाहेर घ्यायची नाहीत, हा त्यांचा स्वतःचा नियम होता आणि तो त्यांनी एकोणतीस वर्षं पाळला. पण नावाशिवाय कुरकुर करायची कशी? म्हणून त्यांनी प्रत्येकाला एकेक टोपणनाव ठेवलं. मोठे सर्जन म्हणजे ‘भोंगा’, कारण ते हळू बोलले तरी तीन मजल्यांना ऐकू जायचं. औषधांच्या खिडकीवरची बाई ‘तुसडी’. रजेच्या अर्जावर बसून राहणारे कारकून ‘उद्या बघू’. उठसूट डोळ्यांना पदर लावणारी नवी नर्स ‘रडूबाई’. लिफ्टवाल्याचे पुढचे दात गेले त्या आठवड्यात तो ‘बोळकं’ झाला तो कायमचा.

हे सगळं घड्याळवाले ऐकत, म्हणजे ऐकत असावेत. एका डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर कोणाच्या तरी मनगटावरचं उघडं पडलेलं घड्याळ. मध्येच ‘हं’. सिस्टरना वाटायचं, आपण भिंतीशी बोलतोय. पण भिंत तरी मधे मधे ‘हं’ म्हणते, एवढं समाधान होतं.

आता डब्याचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या डब्यामुळं झालं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी घड्याळवाले सकाळी उठून बायकोला गरमागरम डबा करून द्यायचे. सिस्टर तो उघडायच्या दुपारी तीनला, कधी चारला, उभ्या उभ्या, एका हातात चमचा आणि दुसऱ्या हातात तापाचा तक्ता धरून. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, “तुम्ही गरम देता नि मी गार खाते. आज टाकूनच दिलं सगळं.” घड्याळवाले म्हणाले, “हं.” संपला विषय.

आठ दिवसांनी डब्यात वेगळंच काहीतरी आलं. थंडगार पास्ता, स्क्रूच्या आकाराचा. घड्याळजीला दुसरा कुठला आकार आवडणार? पण त्यात गंमत एवढीच नव्हती. लिंबू, तेल आणि मिरपूड घोटून केलेला रस त्या आट्यांमध्ये जाऊन बसला होता, तळाला थेंबही सांडलेला नव्हता. काकडी होती, पण बिया काढलेली, म्हणजे दुपारपर्यंत पाणी सुटायला नको. ढोबळी मिरची, मक्याचे दाणे, चीज, सगळं इतकं बारीक चिरलेलं की एका चमच्यात मावावं, कारण दुसरा हात मोकळा नसतो. कांदा नाही, कारण सिस्टरना दिवसभर रुग्णांच्या तोंडाजवळ वाकायचं असतं. पास्ता पाकिटावर लिहिलंय त्याहून मिनिटभर जास्त शिजवलेला, कारण गार झाल्यावर तो ताठ होतो. त्या संध्याकाळी डबा चाटूनपुसून परत आला, तेव्हा घड्याळवाले आयुष्यातलं एक लांबलचक वाक्य बोलले. “गार झालेलं वेगळं आणि गारच केलेलं वेगळं.”

तेव्हापासून आठवड्याचे तीन दिवस तोच डबा. खरं सांगायचं तर सिस्टरनी त्याचा कधी फारसा विचारच केला नाही. पास्ता असाच करत असतील सगळे, असं त्या धरून चालल्या होत्या. वॉर्डातले लोक मात्र एकेक चमचा मागून खायचे.

निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात ‘रडूबाई’ डोळे पुसत म्हणाली, “सिस्टर, निरोपाच्या जेवणाला केक-बिक नको. तुमच्या डब्यातला पास्ता खायचाय सगळ्यांना.” सिस्टरनी ऐटीत होकार देऊन टाकला. त्यांना स्वतःला धरून एकेचाळीस माणसं होती.

घरी येऊन त्यांनी सांगितलं, तेव्हा घड्याळवाल्यांनी चक्क भिंग काढलं. “मला एकेचाळीस जणांचा येत नाही,” ते म्हणाले. “मला एकाच माणसापुरता येतो.”

“अहो, त्यात काय येत नाही? सगळं एकेचाळीसपट घ्यायचं.”

“तसं होत नाही.”

ज्या माणसाविषयी एवढी वर्षं लोकांना हसवलं, त्याच्याच जिवावर सिस्टर शब्द देऊन बसल्या होत्या. आता शेवटच्या दिवशी सगळ्यांपुढं बाहेरून मागवलेले चिकट गोळे वाढायचे, आणि हसं करून घरी यायचं? त्या रात्री त्या पहिल्यांदाच टेबलाशेजारी गप्प बसल्या. घड्याळवाले बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, “बरं.”

रविवारी सकाळी सात वाजता त्यांनी कामाला सुरुवात केली. सिस्टर चहा घेऊन स्वयंपाकघरात आल्या आणि कपाळाला हात लावला. शेगडीवर दोन पातेली होती, दोन्ही लहान. शेजारी वाट्यांमध्ये पास्ता मोजून ठेवलेला, एकेचाळीस वाट्या आणि फुलपात्रं आणि कप, घरातलं जे जे पोकळ होतं ते सगळं.

“एकेका डब्याचा वेगळा शिजवणार तुम्ही? तिकडं कोपऱ्यात एवढं मोठं पातेलं पडलंय!”

“मोठ्या पातेल्यात कोणाचा कोणता कसा कळणार?”

सिस्टरना वाटलं, झालं, डोकं फिरलं यांचं. कोणाचा कोणता म्हणजे काय? पास्ता तो पास्ता. पण त्या तिथंच दाराशी स्टूल घेऊन बसल्या, आणि बसल्या त्या बसल्याच. नवऱ्याला काम करताना त्यांनी हजारदा बघितलं होतं, पण तेव्हा त्या बोलत असायच्या. नुसतं बघण्याची ही पहिलीच वेळ होती.

भिंतीवर सहा घड्याळं लावलेली होती, पण घड्याळवाले एकाकडेही बघत नव्हते. पातेल्यातल्या उकळीचा आवाज जरा जाड झाला की त्यांचा हात आपोआप चाळणीकडे जायचा. एक स्क्रू उचलून दाताखाली धरायचे. एखादा डबा तिथंच उतरवायचे, एखाद्याला आणखी थांबवायचे. चाळणीवर गार पाण्याची धार, हातानं हलकेच उलटंपालटं, मग धुतलेल्या पंचावर पसरून पंख्याखाली. एकही स्क्रू दुसऱ्याला चिकटलेला नाही. निम्मा रस लगेच चोळायचा, म्हणजे तो आत मुरतो, आणि निम्मा लहान बाटलीत राखून ठेवायचा, वाढायच्या आधी घालायला. नाहीतर फ्रिजमध्ये पास्ता सगळं पिऊन टाकतो आणि वर कोरडा ठाक. हे बोलून दाखवायची त्यांना गरज वाटली नाही, सिस्टरना बघूनच कळत गेलं.

दुपार झाली, ऊन फिरलं. साठी उलटलेला माणूस पाय न हलवता उभा होता. सव्विसाव्या डब्याची काकडी पहिल्या डब्याइतकीच नेमकी चिरली जात होती. सिस्टरनी मोठमोठ्या शस्त्रक्रिया जवळून पाहिल्या होत्या, भोंग्याचे हात पाहिले होते, पण असं काही त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांना अंगावर काटा आला आणि त्याचं त्यांनाच हसू आलं. पास्त्यावरून कोणाच्या अंगावर काटा येतो का? पण आला, त्याला काय करणार. आणि हे आपण एकोणतीस वर्षं उभ्या उभ्या, तक्ता वाचत, गिळत आलो, असं वाटून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी सहाला शेवटचा डबा बंद झाला आणि आइस्क्रीमवाल्याकडून आणलेल्या बर्फाच्या पेट्यांमध्ये सगळे नीट बसले.

सोमवारी सिस्टर शेवटच्या ड्यूटीला सहालाच निघून गेल्या. दुपारी एकला पेट्या घेऊन घड्याळवाले वॉर्डात आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. इस्त्रीचा शर्ट, आणि खिशात विसरून राहिलेला चिमटा. “हेच का ते?” असं सगळे एकमेकांना खुणावत होते. पेट्या उघडल्या, डबे बाहेर आले.

प्रत्येक डब्याला दुरुस्तीला आलेल्या घड्याळाला बांधतात तशी लहानशी चिठ्ठी दोऱ्यानं बांधलेली होती, सकाळी सिस्टर निघून गेल्यावर बांधलेली. मुंगीएवढ्या सुबक अक्षरात तिच्यावर लिहिलेलं होतं. खरी नावं त्यांना कुठून ठाऊक असणार? बायकोनं जी सांगितली, ती लिहिली.

“भोंगा,” सर्जननी मोठ्यांदा वाचलं, आणि वॉर्डाच्या टोकाच्या खाटेवरच्या माणसानंही मान वर केली. “भोंगा. अळणी. हा भोंगा कोण?”

सांगायची गरजच नव्हती. लिफ्टवाल्यानं आपलं बोळकं आपणच ओळखून उचललं. ‘उद्या बघू’ वाचून वॉर्डातल्या अकरा जणांनी एकदम कारकुनांकडे पाहिलं. औषधांच्या खिडकीवरची बाई ‘तुसडी’ची चिठ्ठी दोन बोटांत धरून उभी होती आणि तिचा चेहरा चिठ्ठीला साजेल असाच झाला होता. सिस्टरना धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं. एकोणतीस वर्षांची अब्रू शेवटच्या दुपारी पार धुळीला मिळाली.

पण लोक डबे उघडून खाऊ लागले, आणि मग एकेक जण गप्प होत गेला.

“यात मीठ नाही,” सर्जन म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू आला. “मला मीठ बंद आहे. कुठल्याही जेवणाला मी नुसतं पाणी पिऊन बसतो, म्हणून कुणाला कळत नाही. यांना कसं कळलं?” भोंगा चमचा तोंडाजवळ नेतो आणि ‘मीठ आहे का यात?’ विचारून परत ठेवतो, अशी कुरकुर सिस्टरनीच एकदा टेबलाशेजारी केली होती.

लिफ्टवाल्याचा पास्ता तीन मिनिटं जास्त शिजवलेला होता, हिरड्यांनी चिरडता येईल असा. तुसडीच्या डब्यात ढोबळी मिरचीचा एक तुकडा नव्हता. ती डबा खाताना मिरची वेचून कडेला रांगेत लावते, असं सिस्टरनी कधीतरी चिडून सांगितलं होतं. कारकुनांना दूध सोसत नाही, त्यांच्यात चीज नाही. आणि रडूबाईच्या डब्यात बाकी सगळं बेताचं आणि मक्याचे दाणे मात्र दुप्पट. सहा वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, ती भेदरून काही खातच नव्हती. सिस्टरच्या डब्यातले मक्याचे दाणे तेवढे तिनं टिपून खाल्ले होते. ही गोष्ट खुद्द सिस्टर विसरल्या होत्या. रडूबाई अर्थातच रडायला लागली, पण या वेळी तिला कोणी हसलं नाही.

सिस्टर भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. चाळीस माणसं. एकोणतीस वर्षांच्या संध्याकाळी. भिंग डोळ्याला लावून हा माणूस एकेक शब्द उचलून ठेवत होता आणि त्यांना वाटत होतं, भिंत आहे. नवऱ्याकडे बघायचीही जरा भीतीच वाटली.

“तर मग सिस्टर,” सर्जन म्हणाले, “आमची नावं कळली. यांचं काय?”

“हं!” लिफ्टवाला बोळक्यानं ओरडला, आणि सगळा वॉर्ड हसला. घड्याळवाल्यांनी मान डोलावली. हसण्यात ते पण होते.

शेवटचा डबा त्यांनी स्वतः आणून बायकोच्या हातात दिला. तिनं तो उलटापालटा करून पाहिला. दोरा नव्हता, चिठ्ठी नव्हती.

“माझ्यावर नाही काही लिहिलंत?”

“तुझ्यावर कशाला? तेवढाच तर येतो मला.”

सिस्टर खुर्चीवर बसल्या. वॉर्डात बसून जेवण्याची ही त्यांची पहिलीच वेळ होती. घड्याळवाल्यांनी शेजारी स्टूल ओढलं आणि ते वाट बघू लागले, की आता ही बोलायला लागेल. बराच वेळ झाला तरी ती बोलेना, नुसती एकेक चमचा खात होती.

“मग?” शेवटी त्यांनीच विचारलं.

“हं,” सिस्टर म्हणाल्या.