तीस कोऱ्या चिठ्ठ्या

खरं तर हे मी सांगायचं नव्हतं. वर्गाबाहेर एक शब्द न्यायचा नाही, असं ठरलंय. शाळेच्या फलकावर आमचा फोटो अजून ‘आदर्श निवडणूक’ म्हणून लटकतोय ना! पण इथे जिन्यात कोणी नाही, म्हणून हळूच सांगते.

आमच्या शारजाच्या शाळेत मॉनिटर निवडायची होती. इतिहासाच्या मिसनी ठरवलं, स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीसारखी घ्यायची. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारत नसत. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह. आपली कोरी चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची, झालं!

मला चारचौघींत बोलायचं म्हटलं की एसीतसुद्धा घाम फुटतो. म्हणून मी निवडणूक अधिकाऱ्याचं काम मागून घेतलं. पेट्या सांभाळायच्या, तोंड उघडायचं नाही. घरून खजुराचे तीन रिकामे डबे आणले. त्यांवर चिन्हं चिकटवली: उंट, छत्री, होडी. उंट म्हणजे माझी मैत्रीण सना. तीच निवडून येणार, हे भिंतींनाही माहीत होतं.

मतदान झालं. मिस ऑफिसात गेल्या. आधी एकूण तीस भरतात का बघू, म्हणून मी तिन्ही डबे एकाच टेबलावर उपडे केले. घड्या उलगडल्या, सुंदर गठ्ठा केला. मी व्यवस्थित आहे ना!

“बरोबर तीस!”

सनाचं घर मूळचं रत्नागिरीचं. घाबरली की तिची बोली बाहेर येते. “अगो, यातली माझी कुठली?”

मी गठ्ठा चाळला. सगळ्या कोऱ्या!

“खलास!” बाहेर मिसच्या सँडल वाजल्या. “वाट गो सारख्या, तिन्ही डब्यांत! यल्ला, लवकर!” सना कुजबुजली.

दहा, दहा, दहा.

“थ्री-वे टाय! हिस्टॉरिक!” मिसनी लगेच फोटो काढून फलकासाठी पाठवला.

तेवढ्यात छत्रीवाली दिया उठली. “बट मिस, मैंने खुद सना को वोट दिया. मेरी पूरी बेंच ने भी. ये दस कहाँ से आए?”

सगळ्या माझ्याकडे वळल्या. आणि मला उभं राहून, अख्ख्या वर्गासमोर, मोठ्याने सगळं कबूल करावं लागलं. जे टाळायला हे काम घेतलं, नेमकं तेच!

दुसऱ्या दिवशी फेरमतदान. बघते तर टेबलावर चौथा डबा! त्यावर खजुराचं चित्र आणि माझं नाव. सनाचा उद्योग. मोजणीत एकोणतीस खजुराला, एक उंटाला. ती एक माझी.

सना म्हणाली, “आता चिठ्ठ्या मिसळ गो हव्या तेवढ्या!”

तेव्हापासून मी मॉनिटर. बोलणाऱ्या मुलींची नावं फळ्यावर लिहायची, हे माझं काम. पण खरं सांगू, आता पूर्वीसारखी भीती—

“मॉनिटर! हू इज टॉकिंग ऑन द स्टेअर्स? राइट हर नेम!”

आले, मिस! अगंबाई, म्हणजे आता फळ्यावर मी माझंच नाव—