चंद्रावरचा धोंडा

गेल्या मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी धुळ्याच्या देवपुरातल्या एका वाचनालयाने जुन्या मासिकांचे नऊ बांधीव खंड रद्दीत काढले. मी पोचलो तेव्हा दोन गेले होते. उरलेले सात सुतळीने बांधून दारात ठेवले होते.

त्या खंडांत मराठीतल्या सुरुवातीच्या विज्ञानकथा होत्या. कॉलेजात असताना मी त्या याच वाचनालयातल्या बाकावर बसून वाचल्या. पुढे जळगावला वर्तमानपत्राच्या डेस्कवर नोकरी झाली, निवृत्तीनंतर धुळ्याला परतलो आणि पुन्हा त्याच बाकावर बसू लागलो.

वाचनालयाचे सचिव निवृत्त विज्ञान शिक्षक आहेत. त्यांनी नियम सांगितला: पाच वर्षांत एकदाही घरी न गेलेलं पुस्तक बाद. सातही खंडांच्या देवघेव चिठ्ठ्या कोऱ्या होत्या.

मी पहिलं पान उघडून दाखवलं. त्यावर वाचनालयाचाच शिक्का होता: ‘बाहेर नेण्यास मनाई’.

सचिवांनी पुढची पानं उलटली. मग म्हणाले, “बरं, पण आत लिहिलंय काय ते बघा ना, नाना. चंद्रावर हवा! चंद्रावर नदी! मुलांच्या हाती द्यायचं का हे?”

ती कथा मला ठाऊक होती. दोन मित्र लोखंडी गोळ्यात बसून चंद्रावर उतरतात. तिथे नदी सापडते. दोघे पोटभर पाणी पितात, गळ्यात गळे घालतात. सकाळी एक जण उठतो तेव्हा दुसऱ्याने काठावर हद्दीचा धोंडा रोवलेला असतो. कथा तिथेच संपते.

“शिवाय वाचकांनी पुठ्ठे खराब केलेत,” सचिव म्हणाले.

पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं होतं. खंड घरी नेता येत नसे. गावाकडची एसटी गाठायची असली की वाचक उठताना तिथे गाव, महिना आणि पान लिहीत; पुढच्या खेपेला तिथून पुढे वाचत. एरंडोल, जून, पान ४०. चोपडा, डिसेंबर, पान ८८. एकेका पुठ्ठ्यावर अशा चाळीस-पन्नास ओळी होत्या.

“ही तुमची देवघेव चिठ्ठी,” मी म्हणालो आणि गठ्ठ्यावर बसलो.

“उठा नाना, टेम्पोवाला खोळंबलाय.”

“नाही उठत.”

“वयाचा तरी विचार करा.”

“केला. म्हणूनच उभा न राहता बसलोय.”

ग्रंथपाल बाई हसल्या आणि लगेच रजिस्टरात बघू लागल्या.

बाकावर चोपड्याचे एक केळी उत्पादक बसले होते. त्यांची मुलगी देवपुरात राहते. तिच्याकडे आले की ते इथे येतात. ते उठून सचिवांपुढे आले आणि अहिराणीत म्हणाले,

“भाऊ, नदी खोटी शे. बठ्ठी खोटी. पन धोंडा? तो ते मी मना बांधवर देखेल शे.”

“आबा, हे विज्ञान नाही.”

“मी कव्हय म्हंतं विज्ञान शे? तुम्ही शिकाडा विज्ञान. आमले हाई वाचू द्या. मनं वाचीसन अजून व्हयनं नही.”

त्यांनी मला जरा सरकायला लावलं आणि गठ्ठ्यावर माझ्याशेजारी बसले. टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. सचिवांनी त्याला हाताने जायची खूण केली आणि विषय समितीपुढे ठेवतो म्हणाले. मी तिथेच कागद मागून लेखी हरकत दिली, सोबत पुठ्ठ्यांवरच्या नोंदींची नक्कल जोडली आणि पोच घेतली. आबांनी खाली सही केली.

समितीची बैठक एप्रिलमध्ये झाली; खंड ठेवून घ्यायचे असा ठराव आला. सचिवांनी विरोधात मत दिलं. ठराव दोन मतांनी मंजूर झाला.

सात खंड खिडकीजवळच्या कपाटात परत लागले आहेत. आधी गेलेले दोन मिळाले नाहीत. मनाईचा शिक्का कायम आहे. पाचव्या खंडाच्या पुठ्ठ्यावर शेवटची नोंद अशी: चोपडा, मे, पान २३१.