खापराखालचा जाळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. आणि आता सांगायला बसले तर छातीत नुसती धडधड होतेय — भीतीची म्हणाल, तर तेवढीच नाही.

आधी लाकडांचं सांगू? लाकडांवर मी दिवसभर बोलेन! पिंप्राळ्यात घरात गॅस आहे, तरी मागच्या अंगणात चूल मी हौसेने राखलीय. भरताची वांगी भाजायची ती पऱ्हाट्यांवरच — कपाशीच्या त्या वाळक्या काड्या अशा भडकतात, वांग्याचं साल तडतडतं, धुराचा वास पार आत उतरतो. भाकरीला बाभूळ. कडुनिंब मात्र नको, आणि ओला तर मुळीच नको, डोळे फुटतात धुराने. आणि खापरावर मांडे करायचे असतील तर — थांबा, तिथेच यायचंय मला.

मांडा म्हणजे पुरण भरलेली पोळी, हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत वाढवायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकायची. सगळे बघतात तो हात. पण भाजतो जाळ, आणि जाळ असतो चुलीपाशी बसलेल्या दुसऱ्या बाईच्या हातात. मांडे करणारीचे दोन्ही हात गुंतलेले, नजर मांड्यावर. ती खाली वाकून बघणार कशी? फोडलेली सुकी बाभूळ एकसारखी आत सरकवत राहायची, एवढंच त्या दुसरीचं काम. तिच्याकडे कोण बघतंय?

धुळ्याकडच्या आमच्या सासरी मांडे माझेच. काय नाव होतं हो माझं! मग धाकटी जाऊ आली, शोभा. तिचा मांडा इतका पातळ की पलीकडचं माणूस दिसावं. नणंदेच्या साखरपुड्याच्या सकाळी सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मोठीनापेक्षा शोभाना मांडा पातय शे. आज तीच करी." आणि मला म्हणाल्या, "तू चूल संभाळ."

मी लाकडं निवडायला मागे गेले. आयुष्यात इतकं मन लावून कधी निवडली नसतील! बाभूळ वर ठेवली, दिसायला. खाली पऱ्हाट्या. आणि बांधावरचा ओला निंब — तो मी स्वतः तोडून आणला.

कळलं ना तुम्हाला? की अजून स्पष्ट सांगू? तिने मांडा टाकला की मी मूठभर पऱ्हाट्या आत सारायची. भडका! मांडा काळा. पुढच्या मांड्याला निंब — नुसता धूर, मांडा कच्चा. ती घाबरली, मग हातावरच मांडे फाटायला लागले. व्याहीमंडळी पंगतीत बसलेली. आणि मला काय वाटत होतं? खोटं कशाला बोलू — मजा येत होती. अंगावर काटा येईल इतकी मजा. सासूबाई पुढे झाल्या, "ऊठ, राहू दे. मोठी करी." मी उठले, हात धुतले, निंब बाहेर ओढला, बाभूळ सारली आणि एकामागून एक मांडे असे उतरवले की व्याह्यांनी नाव विचारलं माझं.

शोभा परत कधी खापरावर बसली नाही. कुणी बसवलं नाही, आणि तिनेही म्हटलं नाही.

गेल्या आठवड्यात तिच्या मुलीचा साखरपुडा झाला. मांडे अर्थात मी केले. बायका मोबाइल घेऊन भोवती, नुसता जल्लोष! चुलीपाशी शोभा. इतकी वर्षं माझा जाळ तीच संभाळते. एकेक लाकूड हातात तोलून, वाजवून बघते, मग आत घालते. इतक्या वर्षांत माझा एक मांडा करपला नाही की कच्चा राहिला नाही.

मुलगी हट्टाने तिला म्हणाली, "आई, आज एक तरी मांडा तू टाक ना, माझ्यासाठी."

शोभा हसली. "नही वं. मना हातले तो गुणच नही. अक्काले इचार."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हणाले, "असतं गं एकेकीचं." आणि पुढचा मांडा खापरावर टाकला.