आधी ते ब्लूटूथ बंद कर

गाडी मी जुनीच घेतली होती. आधीच्या मालकाने तिला टचस्क्रीन बसवून घेतला होता, पण मी त्यावर रेडिओपलीकडे कधी काही लावलं नव्हतं. गाडी चालवताना फोन आला की बाजूला थांबायचं, आणि घाई असेल तर फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून बोलायचं. बाबांनी हे एकदा पाहिलं.

"कॉलेजात मुलांना शिकवतेस ना तू?" ते म्हणाले. "काय शिकवतेस, हेच?"

बाबा सरकारी खात्यात विजेची कामं बघणारे अभियंता होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. आजोबा येरवड्यात हमाली करायचे. धम्मदीक्षा घेतल्यावर त्यांनी घरात एकच गोष्ट लावून धरली, मुलांनी शिकायचं. बाबा आमच्या घरातले पहिले पदवीधर. तरुणपणी बुधवार पेठेतून सुटे भाग आणून स्वतः रेडिओ जोडायचे. न वाचता यंत्राला हात लावणारा माणूस त्यांना अडाणी वाटायचा, आणि तसं ते तोंडावर सांगायचे.

मी कर्वेनगरला राहते, आईबाबा येरवड्याला. एका रविवारी त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये ते माझ्या शेजारच्या सीटवर चष्मा लावून बसले. स्क्रीनवर आधीच्या मालकाच्या घरातले फोन अजून जोडलेले दिसत होते. ते त्यांनी एकेक करून काढून टाकले.

"फोनचं ब्लूटूथ चालू कर."

"केलं."

"आता हा आकडा आलाय. तुझ्या फोनवर तोच आहे का बघ."

"तोच आहे."

"मग हो म्हण."

फोनने विचारलं, सगळे नंबर गाडीला द्यायचे का? मी जरा थांबले. बाबा म्हणाले, "दे की. नाहीतर कोणाचा फोन आलाय ते कसं कळणार?"

मग त्यांनी मला घरी फोन लावायला सांगितला. आई तिसऱ्या मजल्यावर होती. तिचं "हॅलो" गाडीभर घुमलं.

"मी बोलतोय, गाडीतून," बाबा म्हणाले.

"विहिरीतून बोलल्यासारखं येतंय," आई म्हणाली. "वर या, पोहे गार होतायत."

बाबा खूश झाले होते. "आता तू काही करायचं नाहीस," त्यांनी मला समजावलं. "गाडी सुरू केलीस की फोन आपोआप जोडला जाईल."

त्यानंतर आम्ही दोघं कुठे निघालो आणि फोन वाजला, की स्क्रीनवरचं हिरवं बटण तेच दाबायचे. मला स्टिअरिंगवरून हात काढावा लागायचा नाही.

पुढच्या वर्षी त्यांची भूक गेली. मग डोळे पिवळे झाले. कावीळ म्हणून उपचार झाले, सोनोग्राफी झाली, मग मोठं स्कॅन. रिपोर्टच्या दिवशी नर्सने बाबांना रक्तदाब बघायला आत नेलं आणि डॉक्टरांनी आईला आणि मला केबिनमध्ये बोलावलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. ऑपरेशन करण्यासारखी परिस्थिती राहिलेली नव्हती.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "त्यांना सांगावंच लागेल का?"

"ते तुम्ही ठरवा," डॉक्टर म्हणाले. "पण त्यांनी मला थेट विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही."

आईच्या डोळ्यांसमोर माझे मोठे काका होते. त्यांना त्यांचा आजार स्पष्ट सांगितला गेला होता. त्या दिवशी त्यांनी अंथरूण धरलं, ते सोडलंच नाही. डॉक्टरांनी दिलेली मुदतही त्यांनी पुरी केली नाही. आईने दवाखान्याच्या जिन्यातच माझ्याकडून वचन घेतलं. बाबांना सांगायचं, स्वादुपिंडाला सूज आहे, औषधांनी उतरेल. बंगळुरूला असलेल्या माझ्या धाकट्या भावाला मी फोनवर खरं सांगितलं, आणि माझ्या नवऱ्याला. बस.

बाबांनी सूज मान्य केली. त्यांनी जास्त काही विचारलं नाही याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं.

काही आठवड्यांनी त्यांना तपासणीसाठी घेऊन निघाले होते. आईचा गुडघा दुखत होता म्हणून ती घरीच राहिली. बंडगार्डनचा पूल ओलांडून आम्ही सिग्नलला उभे होतो. गाडीत रिंग वाजायला लागली आणि स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत आलं, 'भाऊ'.

बाबांनी नेहमीसारखं बोट पुढे केलं आणि हिरवं बटण दाबलं.

मी "अरे" म्हणेपर्यंत त्याने सुरुवात केली होती. "ताई, मी इथे दुसऱ्या डॉक्टरांना सगळे रिपोर्ट दाखवले. तेही तेच म्हणाले. लिव्हरमध्ये पसरलाय कॅन्सर. दोन-तीन महिने, जास्त धरून चालू नका म्हणाले. बाबांना काही कळलेलं नाही ना अजून? ताई?"

चारही दारांतून त्याचा आवाज येत होता. मी स्टिअरिंगवरचं कुठलं तरी बटण दाबलं, तर आवाज आणखी मोठा झाला. "ताई, ऐकू येतंय का?" तो ओरडून विचारत होता.

बाबांनी शांतपणे लाल बटण दाबलं.

मागून हॉर्न वाजायला लागले. मी तशीच बसले होते.

"सिग्नल सुटलाय," बाबा म्हणाले. "चल."

दवाखान्यापर्यंत मी दोनदा "बाबा" म्हटलं, त्यांनी फक्त हात वर करून मला थांबवलं. आत गेल्यावर डॉक्टरांनी नेहमीच्या उत्साहाने विचारलं, "काय काका, कसं काय?"

"ते तुम्ही मला सांगायचं," बाबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "दुखणं वाढत जाणार का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ते समजले आणि खुर्ची ओढून बाबांच्या समोर बसले. "वाढेल," ते म्हणाले. "पण त्यावर औषधं आहेत. सहन करत बसायचं नाही, लगेच सांगायचं."

"ठीक," बाबा म्हणाले. एवढंच.

परत येताना नदीकाठच्या रस्त्यावर त्यांनी मला गाडी बाजूला घ्यायला लावली. मी इंजिन बंद केलं, तरी स्क्रीन थोडा वेळ चालूच होता.

"आधी ते ब्लूटूथ बंद कर."

मी केलं.

"कोणी ठरवलं हे?"

"आईने. पण मीही हो म्हटलं."

"आणखी कोणाकोणाला माहीत आहे? तुझ्या नवऱ्याला?"

मी गाडीच्या किल्लीशी चाळा करत राहिले.

"म्हणजे आहे." त्यांचा आवाज चढला. तो चढलेला मी फार वर्षांनी ऐकत होते. "पोट माझं, मरण माझं, आणि जावयाला माहीत! मला सोडून सगळ्यांना! मी काय लहान मूल आहे? आयुष्यभर साइटवर उभा राहून माणसांना सांगत आलो, की तार जिवंत आहे का मेलेली ते हात लावणाऱ्याला आधी सांगा. आणि माझ्याच घरात..."

चष्मा काढून ते रुमालाने पुसत राहिले. मी रडत होते आणि माझं रडणं त्यांना नको होतं, म्हणून मी खिडकीबाहेर बघत होते.

चष्मा परत लावून ते म्हणाले, "आईला सांगू नकोस."

"काय?"

"मला कळलंय ते."

"आता कशाला लपवायचं बाबा? आता तरी सगळे मोकळेपणाने..."

"ती रोज सकाळी चहा घेऊन येते आणि माझ्याकडे बघून हसते," बाबा म्हणाले. "मला वाटायचं, हिला एवढं हसायला काय झालंय. आता कळलं. मला कळू द्यायचं नाही या एका गोष्टीवर ती उभी आहे. ते काढून घेतलं तर ती दिवसभर काय करेल?"

घरी पोचल्यावर आईने विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"सूज थोडी कमी आहे म्हणाले," बाबांनी सांगितलं आणि ते हातपाय धुवायला गेले. भावाला मी संध्याकाळी फोन केला आणि म्हटलं, रेंज गेली होती, काही ऐकू आलं नाही. त्याने सगळं पुन्हा सांगितलं. मी पुन्हा ऐकलं.

त्यानंतर बाबा खरं बोलायचे ते फक्त गाडीत. घरात आई सतत जवळ असायची. दवाखान्याला निघालो की गेटबाहेर पडल्याबरोबर ते स्वतःच स्क्रीनवर ब्लूटूथ बंद करायचे आणि मग बोलायला लागायचे. शेवटी मला घरीच राहू द्या, नळ्या लावून ठेवू नका. विधी साधा करा, भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील द्यावं, बाकी गर्दी नको. आईला बंगळुरूला हलवू नका, विहारातल्या बायका हेच तिचं गणगोत आहे, तिथे ती कोणाशी बोलेल? अशा गोष्टी. साइटवरच्या सूचना द्याव्यात तशा ते देत गेले.

एकदा मात्र सूचना नव्हती.

"मला भीती वाटते," ते म्हणाले. "रात्री नाही वाटत. रात्री गोळीने झोप लागते. दुपारी वाटते. तुझी आई डुलकी घेत असते, आणि मी पंख्याकडे बघत पडलेला असतो. तेव्हा."

येरवड्याला वळायचं होतं, तिथे मी वळले नाही, सरळ पुढे गेले. त्यांनीही विचारलं नाही. विमानतळाच्या रस्त्याने लांब फेरी मारून आम्ही घरी गेलो आणि आईला सांगितलं, ट्रॅफिक होतं.

एके दिवशी आईही आमच्याबरोबर आली. ती मागे बसली होती, म्हणून बाबांनी ब्लूटूथला हात लावला नाही. अर्ध्या वाटेत रिंग वाजली. 'भाऊ'. मी फोन उचलायच्या आतच आई मागून पुढे वाकली, आणि उचलल्याबरोबर जोरात म्हणाली, "अरे, बाबापण गाडीत आहेत हं! बाबा ऐकतायत!"

"अच्छा, अच्छा," भाऊ गडबडून म्हणाला. "बाबा, कसे आहात?"

"मस्त," बाबा म्हणाले. "सूज उतरतेय. तुझं ऑफिस काय म्हणतं?"

आईने सीटवर मागे टेकून हुश्श केलं. मला आरशात तिचा चेहरा दिसत होता. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

मग दवाखान्याच्या फेऱ्या थांबल्या. डॉक्टर म्हणाले, आता आणण्याची गरज नाही, औषधं घरी द्या. बाबा पलंगावरून उठेनासे झाले. गाडी खाली उभी असायची आणि त्यांना खाली नेणं शक्य नव्हतं. त्यांना बोलायला जागाच उरली नाही.

एका दुपारी मी त्यांच्याजवळ बसले होते. आई स्वयंपाकघरात होती. त्यांनी माझा हात धरला, जवळ ओढला. "ऐक," ते म्हणाले. "मला एक..." तेवढ्यात आई पेजेची वाटी घेऊन आली. बाबांनी माझा हात सोडला.

"पेज गरम आहे का?" त्यांनी तिला विचारलं.

"कोमट आहे. तुम्हाला आवडते तशी," आई म्हणाली आणि हसली.

त्यांना काय सांगायचं होतं ते मला कधीच कळलं नाही. त्यानंतर ते फारसे शुद्धीवर नव्हते. गेले सकाळी, घरीच. आई त्यांचे पाय दाबत होती.

विधी त्यांनी सांगितला तसाच झाला. लोक भेटायला आले की आई एक वाक्य हमखास म्हणायची. "एक बरं झालं. ह्यांना शेवटपर्यंत काही कळलं नाही." भाऊ मान हलवायचा. मीही हलवायचे.

काही महिन्यांनी आमच्या ओळखीतल्या एक बाई आईकडे आल्या. त्यांच्या यजमानांचा रिपोर्ट नुकताच आला होता, तसाच वाईट. त्या रडत होत्या, सांगू की नको म्हणत होत्या. आईने त्यांचे दोन्ही हात धरले.

"अजिबात सांगू नका," ती म्हणाली. "आमच्या ह्यांना आम्ही कळू दिलं नाही. शांत गेले. विचारा हिला."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हटलं. "शांत गेले."

त्यांना खाली सोडायला मी जिन्यातून उतरले. दुसऱ्या मजल्यावर त्या थांबल्या. "तुमच्या आईचं पटतंय मला," त्या म्हणाल्या. "असंच करते."

"सांगा त्यांना," मी म्हटलं.

"काय?"

"खरं काय ते त्यांना सांगा. आजच सांगा, तुम्ही स्वतः, समोर बसून. नंतर बोलायला वेळ मिळत नाही." माझा आवाज जिन्यात वर जाईल म्हणून मी हळू बोलत होते. "आणि आईला सांगू नका मी असं म्हणाले म्हणून."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना पुष्कळ काही विचारायचं असावं. पण वरून आईची हाक आली, बाईंची छत्री राहिली होती. मी ती घ्यायला वर गेले. खाली आले तोवर त्या रिक्षात बसल्या होत्या.

त्यांनी पुढे काय केलं ते मला माहीत नाही.