पत्र्याच्या डब्यातली एक चिठ्ठी

वहिनींचा फोन आला तेव्हा मी ठाण्याला, नौपाड्यात चष्म्याच्या दुकानात होतो. "शशी गेले हो..." एवढंच म्हणाल्या. दुकानदार विचारत होता, खालची ओळ दिसते का. मला काहीच दिसेना. त्याला आता सहा आठवडे झाले.

शशी शाळेत जीवशास्त्र शिकवायचा. डोंबिवलीत आमची दारं समोरासमोर. निवृत्तीनंतर त्याला प्रोस्टेटचा कर्करोग निघाला, तोही हाडांपर्यंत पोचल्यावर. दुसरा कोणी अंथरूण धरून बसला असता. या गृहस्थाने सोसायटीच्या हॉलमध्ये पुरुषांसाठी दर महिन्याला बैठक सुरू केली! पहिल्या बैठकीला आम्ही सात जण, आणि जो तो म्हणतोय, "एका मित्रासाठी विचारतोय." शशी हसला, "अरे, मग त्या मित्रालाच पाठवा की!" पुढच्या वेळी त्याने बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवला. नाव न घालता चिठ्ठी टाका, बैठकीला बोलावलेले डॉक्टर उत्तर देतील. डबा भरला.

डॉक्टरांना तो दोन्ही बाजू मांडायला लावायचा. पीएसए नावाच्या रक्ततपासणीने प्रोस्टेटचा आजार लवकर कळू शकतो; पण कधी जन्मात त्रास दिला नसता अशी गाठही सापडते आणि उपचारांचाच त्रास मागे लागतो. वय बघा, घराण्यात कुणाला होता का ते सांगा, मग ठरवा. माझं डोकं फिरायचं. एकदा चिडून म्हणालो, "तू एवढं भोगतोयस आणि वर 'ठरवा' म्हणतोस? सरळ सांग ना, करून घ्या म्हणून!"

"माझी भीती तुझ्या गळ्यात बांधू, बाळ्या? मग ते तू ठरवलंस असं कसं होईल?"

माझे वडील त्याच आजाराने गेले होते, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. फक्त एका चिठ्ठीत लिहिलं होतं. ती कधी वाचली गेली नाही. मला वाटलं, हरवली असेल. खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

तेराव्यानंतर वहिनींनी डबा माझ्याकडे दिला. तळाशी माझी चिठ्ठी होती. मागे शशीचं लाल शाईतलं अक्षर... "हा कोण ते मला कळलंय. वाचून दाखवणार नाही. तो स्वतः विचारेल."

मी ढसाढसा रडलो.

परवाच्या रविवारी बैठक घेतली. ती चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि म्हणालो, "मित्राची नाही, माझीच आहे." मग मागून पाटीलकाका उठले, "माझी चिठ्ठी परत द्या. मीही तोंडीच विचारतो." त्यांच्यामागोमाग सगळेच.

डबा रिकामा घेऊन वर आलो. शशीला दाखवावा म्हणून समोरची बेल वाजवली. वहिनींनी दार उघडलं, तेव्हा आठवलं.